इंदुमतीचं नवं बॉनेट

पांढरीपांडे घराण्यात तोवर कुणी चाकाला हात लावला नव्हता. राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरहून सरकारी कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर फायली आल्या आणि फायलींबरोबर कारकून म्हणून विश्वनाथ पांढरीपांडे आले. त्यांनी जन्मभर सचिवालयात टिपणं लिहिली आणि रोज संध्याकाळी जवाहर चौकाजवळच्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून त्या टिपणांचं कौतुक केलं. दुसरं कुणी करत नसल्यामुळे ते काम त्यांच्याकडेच होतं. मुलानंही टिपणं लिहावीत एवढीच त्यांची माफक इच्छा होती. मुलानं, म्हणजे मनोहरनं, ट्रक घेतला.

घरात सुतक पडलं. विश्वनाथरावांनी मुलाशी बोलणं टाकलं. ते तसेही कुणाशी फारसं बोलत नसत, त्यामुळे हे मनोहरच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. त्याच्या बाजूनं उभी राहिली ती आई, इंदुमती.

"ट्रक तर ट्रक," ती म्हणाली. "चार इमलीतल्या अफसरांचं सामान वाहून राहिला तर ती सरकारी नोकरीच झाली ना?"

हा मुद्दा फाइलीत बसण्यासारखा होता. ट्रक घरात मंजूर झाला. त्या बदल्यात इंदुमतीबाईंनी काही मागितलं नाही. त्या कधीच काही मागत नसत, त्या ठरवत असत. इतरांच्या ट्रकांवर देवांची नावं असतात. ह्या ट्रकच्या बॉनेटवर, अगदी मधोमध, लाल रंगावर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत 'इंदुमती' असं लिहिलं गेलं. देवांनी ते मनाला लावून घेतल्याचं ऐकिवात नाही.

गाडी जुन्या घडणीची होती. आताचे ट्रक सपाट तोंडाचे असतात. ह्याला लांब नाक होतं. पुढे इंजिन, इंजिनावर झाकण म्हणून बॉनेट, त्यामागे काच आणि काचेमागे केबिन. इंजिन आणि केबिन यांच्यामध्ये पत्र्याची एक भिंत होती, आणि तो पत्रा उष्णता अडवण्याऐवजी ती मोठ्या आपुलकीनं आत आणून सोडायचा. चालवणाऱ्याचा डावा पाय भाजून निघायचा. डाव्या खिडकीशी बसणाऱ्याला निदान वारा लागायचा. आणि त्या दोघांच्या मधली, गिअरच्या दांड्याजवळची जी जागा होती, तिथे माणूस बसत नसे, शेकत असे.

त्या जागी लग्नानंतर शालिनी बसली.

शालिनी उज्जैनच्या एका शिक्षकांची मुलगी. लग्न उज्जैनला झालं, ऐन मे महिन्यात. नवरी भोपाळला आणायला मोटार ठरवावी असं विश्वनाथराव पुटपुटले होते, पण इंदुमतीबाईंनी ठरवलं होतं. "घरची गाडी असताना भाड्याची कशाला?" घरच्या गाडीला झेंडूच्या माळा घातल्या गेल्या. सासूबाई खिडकीशी बसल्या, कारण त्यांना हवा लागे. मनोहर चाकामागे बसला, कारण दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हतं. आणि नवरी, भरजरी शालू, हातभर चुडा आणि कपाळावर मुंडावळ्या अशा थाटात, मध्ये इंजिनाच्या कुशीत बसली. सोनकच्छ येईपर्यंत तिच्या नव्या चपलेचा तळ मऊ पडला. आष्ट्यापर्यंत मुंडावळ्यांची फुलं करपली. तिनं एकदा, एकदाच, सासूबाईंकडे पाहून पदरानं वारा घेतला. "कोणती एवढी गरमी होऊन राहिली तुला?" सासूबाई म्हणाल्या आणि खिडकीतून आणखी थोडं बाहेर डोकावल्या. मनोहर रस्त्याकडे बघत होता. चालकानं रस्त्याकडेच बघावं असा नियम आहे आणि त्या दिवशी त्यानं तो कसोशीनं पाळला.

घरी पोचल्यावर नवरी पायरीवरून उतरली, तांदळाचं माप ओलांडून आत गेली आणि संधी मिळताच नवऱ्याशी संसारातलं पहिलं पूर्ण वाक्य बोलली.

"मी ह्या गाडीत परत बसणार नाही."

मनोहरनं मनाशी नोंद केली: उष्णता फार आहे.

तेव्हापासून ह्या जोडप्याची एक पद्धत पडली. कुठंही जायचं असलं, उज्जैनला माहेरी, नागपूरला मुंजीला, इंदूरला साखरपुड्याला, की मनोहरराव ट्रकनं आणि शालिनीबाई बसनं. बस आधी पोचायची. मनोहरराव घाम पुसत पोचायचे तोवर शालिनीबाईंची आंघोळ, चहा आणि नातेवाइकांची चौकशी आटोपलेली असायची. "दोघांचं भांडण आहे का हो?" असं नवीन लोक विचारायचे. जुने लोक उत्तर द्यायचे, "छे, त्यांचं छान आहे. फक्त गाड्या वेगळ्या आहेत."

छान होतंच. पण मनोहररावांना एक गोष्ट सलायची. हायवेवर कधी शेजारून एखादा ट्रक जायचा, त्यात चालकाची बायको खिडकीशी बसलेली असायची, मांडीवर डबा, डोकं दाराला टेकलेलं, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. दिसायला त्यात काही शोभा नव्हती. पण मनोहरराव तो ट्रक पुढे जाईपर्यंत बघत राहायचे आणि मग त्यांना आपल्या शेजारची रिकामी सीट फार मोठी वाटायची. बायकोनं एकदा तरी आपल्या शेजारी बसून यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ही इच्छा त्यांनी बायकोला सोडून सगळ्यांना सांगितली होती.

बायकोला सांगण्याऐवजी त्यांनी उष्णतेशी युद्ध पुकारलं. आधी पत्र्यावर ओली गोणपाटं लावली; केबिनमध्ये भिजलेल्या बटाट्यांच्या वखारीचा वास सुटला. मग चंदेरी कागदाचा जाड थर चिकटवला. तो एका उन्हाळ्यात सुटून त्यांच्याच पायाला चिकटला. मग डॅशबोर्डवर पंखा आला आणि गरम हवा सगळीकडे सारखी वाटू लागला. दर खेपेला ते घरी येऊन जाहीर करायचे, "शालू, आता गाडी एकदम थंड!" शालिनीबाई पोळी उलटत म्हणायच्या, "छान." आणि बसचं तिकीट काढायच्या.

मधल्या काळात विश्वनाथराव गेले, आणि काही वर्षांनी इंदुमतीबाईही गेल्या. शेवटपर्यंत ट्रकमधली खिडकी त्यांची होती. बिट्टन मार्केटला भाजी घ्यायलासुद्धा त्या ट्रकमधून जायच्या, आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन राजेशाही थाटात परत यायच्या. त्या गेल्यावर मनोहररावांनी बॉनेटवरचं नाव नव्यानं रंगवून घेतलं. जिवंतपणी जेवढं मोठं होतं त्याहून थोडं मोठंच.

मग एके दिवशी कागदपत्रांची कामं करणाऱ्या दलालानं सांगितलं की पुढच्या वेळी ह्या गाडीला फिटनेसचा दाखला मिळायचा नाही, वय झालंय, आता भंगाराची तयारी ठेवा. शहाण्या माणसानं अशा गाडीवर नवा खिळासुद्धा ठोकला नसता. मनोहररावांनी तिला नवं बॉनेट बसवायचं ठरवलं.

कल्पना मोबाइलमधली होती. कुठल्याशा परदेशी माणसानं आपल्या लांब नाकाच्या ट्रकचं मूळ बॉनेट काढून बाजारातलं दुसरं बसवलं होतं, ज्याला वरून झरोके पाडलेले होते. इंजिनाची गरम हवा त्या झरोक्यांतून वर निघून जाते, खालची जागा थंड राहते, केबिनही थंड राहते, असं तो माणूस हसत हसत दाखवत होता. मनोहररावांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, म्हणजे त्याचा अर्धा भाग पाहिला. उरलेल्या अर्ध्यात तो माणूस हसायचा थांबून फळ्यावर बाण काढत होता. पांढरीपांड्यांना शाळेपासूनच फळ्याचा कंटाळा.

ट्रान्सपोर्ट नगरात अनीस मियाँचं बॉडीचं दुकान होतं. अनीस मियाँचं तत्त्व असं, की गिऱ्हाईक म्हणेल ते करावं आणि नंतर गिऱ्हाईकच म्हणत होतं असं सांगावं. त्यांनी इंदूरहून झरोक्यांचं तयार बॉनेट मागवून दिलं. वस्तू झकास होती. जाड पत्रा, आणि मधोमध, पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या जरा मागे, नीट कापलेले ओळीनं झरोके. मनोहररावांनी त्याच्यावरून हात फिरवला आणि तो मधोमध येऊन थांबला.

"अनीस मियाँ, पर नाम कहाँ आएगा?"

"कौन सा नाम?"

"आईचं. माँ का. वहीं तो है, बीचोबीच."

अनीस मियाँनी बॉनेटकडे पाहिलं. "तो नाम लिखवा लो ना इसी पे. जाली के ऊपर से पेंट मार देंगे."

म्हणजे आईच्या नावाच्या आरपार भोकं. 'इं'मध्ये एक भोक, 'दु'मध्ये एक, आणि त्यांतून काळा धूर. छे! नाव बाजूला सरकवावं, तर आईला उभ्या जन्मात कुणी बाजूला सरकवलं नव्हतं. आता गेल्यावर कसं सरकवायचं?

"ये वापस करो," ते म्हणाले. "छेद पीछे करवाओ. काँच के पास."

"अरे खाँ, अपन तो जहाँ बोलो वहाँ छेद कर दें," अनीस मियाँ म्हणाले. "हवा को क्या पता आगा-पीछा!"

असा दोन विद्वानांचा शास्त्रार्थ संपला. नवं बॉनेट आलं. पुढे मधोमध 'इंदुमती', अखंड आणि झळझळीत. झरोके मागे, थेट काचेच्या पायथ्याशी.

आता जे मनोहररावांना पुढे उन्हाळ्यात कळलं ते आपण आत्ताच सांगून टाकू, कारण ते त्या व्हिडिओच्या उरलेल्या अर्ध्यात होतंच. धावत्या गाडीत वारा काचेवर आपटतो आणि काचेच्या पायथ्याशी दाटून बसतो. तिथं झरोके पाडले तर गरम हवा सुखासुखी वर जात नाही. जी थोडीफार निघते तिला तो वारा परत ढकलतो आणि काचेखाली केबिनसाठी ताजी हवा घेणारी जी फट असते तिच्यातून थेट आत पाठवतो. आधी उष्णता पत्र्यातून झिरपून यायची. आता तिच्यासाठी दरवाजाच करून दिला होता.

पण बॉनेट बसलं ते डिसेंबरात. भोपाळची थंडी, मोठ्या तलावावरचा वारा, आणि मनोहरराव सकाळी गाडी काढून चाचणी घ्यायला निघाले. केबिनमध्ये मंद, सुखद ऊब होती. त्यांना वाटलं, काय छान ऊन पडलंय! तापमानाचा काटाही खाली होता. डिसेंबरात तो कुठल्याही बॉनेटखाली खालीच असतो. ते घरी आले आणि नेहमीची घोषणा केली.

"शालू, ह्या वेळेला पक्कं. इंजिन तापतच नाही. एप्रिलमध्ये मानसीचं सामान न्यायचं आहे ना इंदूरला? तू चल माझ्यासोबत."

मानसी ही त्यांची मुलगी. तिला इंदूरला नोकरी लागली होती आणि एप्रिलमध्ये भाड्याचं घर मिळणार होतं. पलंग, कपाट आणि आजीचा मोठा आरसा पोचवायचा होता.

शालिनीबाईंनी लाटणं थांबवलं. नवरा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच 'चल' म्हणाला होता. एरवी 'गाडी थंड झाली' एवढंच म्हणायचा, आणि गाडी थंड झाली हे काही आमंत्रण नव्हे.

"कुठे बसायचं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे? गाडीत."

त्यांनी पोळपाटावर पीठ भुरभुरलं. "बरं," म्हणाल्या आणि पुन्हा लाटायला लागल्या.

एप्रिलच्या त्या सकाळी मनोहररावांनी सीट दोनदा पुसली, केबिनमध्ये उदबत्ती लावली आणि आईच्या नावाला हार घातला. मानसीचा फोन आला. "बाबा, यार, आईला बसनेच येऊ द्या ना. का टॉर्चर करता?" मनोहररावांनी नव्या बॉनेटचं वर्णन सुरू केल्यावर तिनं फोन ठेवला.

शालिनीबाई डाव्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. वर चढल्या, आणि खिडकीजवळच्या सीटकडे बघत तशाच वाकून थबकल्या. मनोहरराव किल्ली शोधत होते. वर न बघताच ते म्हणाले, "बस ना, खिडकीशी बस. हवा लागेल."

शालिनीबाई बसल्या. खिडकीच्या कडेवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं.

बैरागढ मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मनोहररावांनी रस्ता, टोल, ढाबे यांची माहिती द्यायला सुरुवात केली होती, जणू काही शालिनीबाई हा रस्ता बसमधून पाठ करून बसल्या नव्हत्या. सीहोरच्या अलीकडे ऊन चढलं, इंजिन रंगात आलं, आणि काचेखालच्या फटीतून पहिला झोत आला. तो सरळ तोंडावर आला. मग थांबलाच नाही. उदबत्ती वाकली. मनोहररावांनी पंखा लावला. पंख्यानं आपलं जुनं काम चालू केलं. शालिनीबाईंनी रुमाल भिजवून तोंडावर धरला, तो बघता बघता वाळला. त्यांचं नाक लाल झालं, चष्मा घसरायला लागला.

"तुमच्या आईंचा राग काही गेलेला दिसत नाही," त्या म्हणाल्या.

मनोहररावांनी पंखा बंद केला. इतक्या वर्षांची तयारी, आणि हा शेवटचा उन्हाळा, आणि बायको शेजारी बसून भाजली जातेय. त्यांना रडू यायचं बाकी होतं. आष्ट्याच्या स्टँडजवळ त्यांनी गाडी बाजूला घेतली. इंदूरची बस उभीच होती, कंडक्टर दाराला लोंबकळून "इंदौर, इंदौर" असा घसा ताणत होता.

"जा तू बसनं," मनोहरराव स्टिअरिंगकडे बघत म्हणाले. "मी येतो मागून. नेहमीसारखा."

शालिनीबाई उतरल्या नाहीत. "ही भोकं मागे का पाडली?"

"पुढेच होती. मीच मागे करवली."

"का?"

"आईचं नाव होतं ना तिथं. त्याच्यातून कशी पाडायची?" आणि मग त्यांच्या तोंडून असं काही निघालं की ते स्वतःच दचकले. "इथे वेल्डिंगवाला आहे समोर. आत्ता कापून घेतो. नावातून तर नावातून. मागची बंद करतो. पण तू... म्हणजे तू बस."

बसनं हॉर्न दिला. शालिनीबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अहो, तुम्हाला खरंच वाटलं, मी गरमीला घाबरून बसत नव्हते?" त्या म्हणाल्या. "मी उज्जैनची आहे. आमच्याकडे काय बर्फ पडतो? मला मध्ये बसायचं नव्हतं. लग्नाच्या दिवशी मी करपत होते, तुम्ही रस्त्याकडे बघत होता, आणि 'आई, तिला जरा खिडकीशी बसू दे' एवढं तुमच्या तोंडून निघालं नाही. नंतरही कधी निघालं नाही. आज म्हणालात."

मनोहररावांनी गोणपाटं आठवली, चंदेरी कागद आठवला, पंखा आठवला, दोन दोन बॉनेटं आठवली. एवढा सगळा लोखंडी खटाटोप चार शब्दांऐवजी केला होता, आणि ते चार शब्द आज किल्ली शोधता शोधता, लक्ष नसताना, तोंडातून पडले होते. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की डाव्या पायाचं भाजणंही विसरले.

"मग कापून घेऊ ना नाव?" त्यांनी पडेल आवाजात विचारलं.

शालिनीबाईंनी काचेतून बॉनेटकडे पाहिलं. हार वाळून चिपाड झाला होता आणि एप्रिलचं ऊन पत्र्यावर नुसतं नाचत होतं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्या बाहेर उन्हात आहेत, मी आत खिडकीशी आहे. मला चालतंय."

मग त्यांनी पिशवीतून मानसीसाठी घेतलेली नवी चादर काढली, बाटलीतल्या पाण्यानं गच्च भिजवली आणि काचेखालच्या फटीत कोंबली. झोत बराच कमी झाला. बस निघून गेली. मनोहररावांनी गाडी काढली आणि चांगल्या सपाट रस्त्यावर उगाचच हळू चालवू लागले. मागच्या गाड्या शिव्या देत पुढे जात होत्या. सोनकच्छच्या आसपास शालिनीबाईंचं डोकं दाराला टेकलं आणि तोंड उघडं पडलं. मनोहररावांनी रस्त्याकडे बघायचा नियम त्या दिवशी पुष्कळदा मोडला.

इंदूरला मानसी दारात वाट बघत होती. आई ट्रकमधून उतरतेय, केस विस्कटलेले, तोंड टोमॅटोसारखं लाल, हातात ओली चादर, हे पाहून तिला काही कळेना.

"आई! बस चुकली का?"

"नाही गं," शालिनीबाई म्हणाल्या. "सोडली."